नाण्यांचा रोल कुठून येतो? चिल्लर बँकेपर्यंत पोहोचण्याची वाट

वसुधा_एडिसन

साताऱ्यात किराणा दुकान चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने परवा फोनवर विचारले, "ताई, तुमच्याकडे बँकेत चिल्लर मागितली की मिळते का गं?" मी अमेरिकेत, न्यू जर्सीतील एका क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेत) चौदा वर्षे रोखपाल आहे. चिल्लर मिळते, आणि कागदात गुंडाळलेल्या रोलमध्ये मिळते, असे मी त्याला सांगितले. मग हे रोल येतात कुठून, ते बांधतो कोण आणि त्याचे पैसे कोण देतो, हे सांगता सांगता अर्धा तास गेला. तेच येथे नीट लिहून काढते आहे. भारतातील व्यवस्थेविषयी तेथील बँकांत काम केलेल्या सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे.

रोलमध्ये किती नाणी असायची हे ठरलेले असते. क्वार्टर म्हणजे २५ सेंटची ४० नाणी मिळून १० डॉलरचा रोल होतो, १० सेंटच्या डाइमची ५० नाणी मिळून ५ डॉलरचा, ५ सेंटच्या निकेलची ४० नाणी मिळून २ डॉलरचा आणि पेनीची ५० नाणी मिळून अर्ध्या डॉलरचा. कागदाचे रंगही ठरलेले आहेत: क्वार्टर नारिंगी, डाइम हिरवा, निकेल निळा आणि पेनी लाल. असे ५० रोल एका पेटीत येतात. क्वार्टरची पेटी ५०० डॉलरची असते आणि तिचे वजन सव्वाअकरा किलोंहून थोडे अधिक भरते. खिडकीवर रांग लागलेली असताना मी रोल उघडून मोजत नाही. रंग पाहते, दोन्ही टोकांच्या दुमडलेल्या कडा शाबूत आहेत का ते पाहते आणि हातात तोलते. इतक्या वर्षांनंतर एक नाणे कमी असले तरी हाताला ते जाणवते.

आता मागची साखळी सांगते. चलनातील नाणी फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर येथील टांकसाळींत पाडली जातात. फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक ती दर्शनी किमतीला विकत घेते. नोटांचे तसे नसते. नोटांसाठी तिला केवळ छपाईचा खर्च द्यावा लागतो. नाण्याची दर्शनी किंमत आणि त्याची घडणावळ यांतील फरक सरकारी तिजोरीत जातो. पेनीच्या बाबतीत हे गणित कधीच उलटे झाले होते. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटचे नाणे पाडायला ३.६९ सेंट लागत होते, आणि अखेर १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली.

मात्र फेडरल रिझर्व्ह रोल बांधत नाही, हे पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. तिचा सारा व्यवहार थैल्यांचा असतो. क्वार्टरची थैली १,००० डॉलरची, डाइमचीही १,००० डॉलरची, निकेलची २०० डॉलरची आणि पेनीची ५० डॉलरची. रोल बांधण्याचे काम चिलखती गाड्या चालवणाऱ्या खाजगी कंपन्या करतात. त्यांच्या मोठ्या तिजोरी-गोदामांना नाण्यांचे टर्मिनल म्हणतात आणि फेडरल रिझर्व्हच्या मालकीची बरीचशी नाणी तेथेच ठेवलेली असतात. एका बँकेने जास्तीची नाणी जमा केली आणि दुसरीने मागवली, तर बहुधा ती थैली त्या इमारतीबाहेर जातही नाही. मालकीची नोंद तेवढी बदलते. त्याच इमारतीत नाणी यंत्रातून जातात, परकी आणि वाकलेली नाणी बाजूला पडतात, उरलेल्यांची चळत रचली जाते, तिच्याभोवती कागद गुंडाळला जातो आणि यंत्राचे आकडे दोन्ही टोके आत दुमडतात. या कामाचे शुल्क आमची संस्था त्या कंपनीला देते. दुकानदाराला आम्ही रोल देतो तेव्हा काही ठिकाणी त्याच्याकडून थोडे पैसे घेतले जातात, तर काही ठिकाणी खातेदाराला ही सेवा विनामूल्य असते.

एक गोष्ट मला फार आवडते, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. क्वार्टरचे वजन ५.६७ ग्रॅम आहे आणि डाइमचे २.२६८ ग्रॅम. म्हणजे एका डॉलरची क्वार्टर घ्या किंवा एका डॉलरचे डाइम घ्या, वजन २२.६८ ग्रॅमच भरते. ही नाणी चांदीची होती त्या काळापासून हे प्रमाण चालत आले आहे. म्हणूनच क्वार्टर आणि डाइम यांच्या १,००० डॉलरच्या थैल्यांचे वजन सारखेच, २२.६८ किलो येते, आणि दोन्ही नाणी एकत्र मिसळली तरी नुसत्या वजनावरून रक्कम काढता येते.

हे सगळे सुरळीत चालते ते नाणी परत येतात म्हणून. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या खिडकीवर "सुटे पैसे उपलब्ध नाहीत" अशी पाटी लावावी लागली. आम्ही आठवड्याला चार पेट्या क्वार्टर मागवत होतो, त्यांपैकी एकच येऊ लागली. फेडरल रिझर्व्हने १५ जूनपासून पूर्वीच्या मागणीच्या प्रमाणात नाणी वाटून द्यायला सुरुवात केली होती. देशात नाणी कमी झालेली नव्हती. दुकाने, धुलाईघरे आणि नाणी स्वीकारणारी यंत्रे बंद पडल्यामुळे ती घरोघरी बरण्यांत साचली होती. त्याआधीच्या वर्षी पुरवठ्यातील सुमारे ८३ टक्के नाणी अशी परत फिरून आलेली होती आणि टांकसाळीतून आलेली नवी नाणी केवळ उरलेला भाग भरून काढत होती. तोपर्यंत माझीही समजूत होती की रोलमधली बहुतेक नाणी कोरी, टांकसाळीतूनच आलेली असतात.

मंडईतला_वाणी

वसुधाताई, फार माहितीपूर्ण लिहिले आहे. एक शंका विचारतो. रोलमध्ये ४० ऐवजी ३९ नाणी निघाली, तर तोटा कोणाच्या नावावर टाकला जातो?

वसुधा_एडिसन

यंत्राने बांधलेला रोल असेल तर पेटीवर कंपनीची चिठ्ठी आणि तारीख असते, तिच्या आधारे आम्ही कंपनीकडे फरक मागतो. ग्राहकाने घरी हाताने बांधून आणलेला रोल असेल तर त्यावर खाते क्रमांक लिहून घेण्याची पद्धत पुष्कळ बँकांत आहे, म्हणजे फरक निघाल्यास तो त्या खात्यातून वळता करता येतो. हाताने बांधलेले रोल आम्ही पुढच्या ग्राहकाला शक्यतो तसेच देत नाही. ते फोडतो, यंत्रात मोजतो आणि सुटी नाणी थैलीत भरून परत पाठवतो.

निवृत्त_चेस्ट_अधिकारी

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा आणि नाणी साठवणाऱ्या तिजोरीत, अकरा वर्षे काम केले आहे, त्यामुळे आपल्याकडील बाजू मांडतो.

आपल्याकडे नाणी पाडण्याचा अधिकार केवळ भारत सरकारला आहे आणि २०११ चा नाणे अधिनियम त्याला लागू आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत. वर्षाच्या तारखेखाली बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. दरवर्षी कोणती नाणी किती लागतील याची मागणी रिझर्व्ह बँक नोंदवते. पाडलेली नाणी सरकार थेट बाजारात आणत नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक अधिनियमाप्रमाणे ती रिझर्व्ह बँकेमार्फतच चलनात येतात. नाणी प्रथम टांकसाळींजवळच्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नवी दिल्ली येथील कार्यालयांत येतात. तेथून ती रिझर्व्ह बँकेच्या इतर कार्यालयांकडे आणि पुढे बँकांनी सांभाळलेल्या करन्सी चेस्टमध्ये जातात. आपल्या राज्यात मुंबई, बेलापूर आणि नागपूर येथे अशी चलन-वाटपाची कार्यालये आहेत. रुपया आणि त्यावरील नाणी चेस्टमध्ये राहतात. रुपयाहून लहान नाण्यांसाठी वेगळी भांडारे असतात. आता त्यांत पन्नास पैशांचे नाणे तेवढे उरले आहे, कारण पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. चेस्टला जोडलेल्या शाखा तेथून आपला पुरवठा उचलतात.

वसुधाताईंनी दर्शनी किमतीचा मुद्दा लिहिला आहे, त्याला जोडून सांगतो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हच्या ताळेबंदात नाणी मालमत्तेच्या बाजूला दिसतात. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा काढणाऱ्या विभागातही नोटांच्या पाठीशी असलेल्या मालमत्तेत सोने आणि रोख्यांबरोबर "रुपयाची नाणी" असे एक कलम आहे. नोट हे रिझर्व्ह बँकेचे देणे, तर नाणे हे सरकारचे. चेस्टच्या खोलीत एकाच छताखाली ठेवलेल्या या दोन वस्तूंचा हिशेब मुळातच वेगळा असतो.

आपल्याकडे रोल नसतात. नाणी थैल्यांत येतात आणि खिडकीवर फार तर शंभर नाण्यांची प्लास्टिकची पिशवी असते. अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे रोल का रुजले नाहीत, याचे माझ्या अनुभवातील मोठे कारण नाण्यांच्या आकारात आहे. १९९० च्या दशकातील एक रुपयाचे पोलादी नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅमचे होते. २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचेच होते. व्यास आणि वजन एकच, किंमत मात्र दुप्पट. दुसरीकडे, एक रुपयाचेच नाणे २०११ च्या मालिकेत ३.७९ ग्रॅमचे झाले आणि २०१९ च्या मालिकेत ३.०९ ग्रॅमचे. ही सगळी नाणी आजही एकाच गल्ल्यात पडतात. व्यासावरून निवड करणारे साधे यंत्र अशा मिश्रणापुढे हतबल होते आणि वजनकाट्यावर केलेला हिशेबही चुकतो. आमच्याकडे शेवटी दोन शिपाई आणि एक रोखपाल जमिनीवर सतरंजी अंथरून अंक पाहून नाणी वेगळी करत असत. मे महिन्यात, पंखा कमी वेगाने फिरवून, दिवसभर ते काम करताना मी त्यांना पाहिले आहे. त्या लोकांच्या चिकाटीविषयी मला आजही आदर वाटतो.

वसुधा_एडिसन

काका, याचा मी कधी विचारच केला नव्हता. इकडे क्वार्टरचा धातू १९६५ मध्ये बदलला, चांदी गेली, पण व्यास तोच राहिला. पाठीमागील चित्रे कितीही बदलली तरी यंत्राला फरक पडत नाही. आमच्या रोलची सगळी सोय त्या एका निर्णयावर उभी आहे, हे तुमच्या लिहिण्यामुळे आज ध्यानात आले.

मंडईतला_वाणी

माझा अनुभव लिहितो. गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे एक आणि दोन रुपयांची मिळून सुमारे अठरा हजारांची चिल्लर साठली. जवळच्या शाखेत घेऊन गेलो, तर "आमच्याकडे जागा नाही, मोजायला माणूस नाही" असे सांगून मला दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा "नाणी हजार रुपयांपर्यंतच घेता येतात, तसा कायदा आहे" असे उत्तर मिळाले. पिशवी खांद्यावर घेऊन घरी परतताना अक्षरशः अपमान झाल्यासारखे वाटले, कारण तो पैसा माझ्या कष्टाचा होता. असा कायदा खरोखर आहे का?

निवृत्त_चेस्ट_अधिकारी

तुम्हाला सांगितलेली गोष्ट अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती फसवी ठरते. नाणे अधिनियमाप्रमाणे रुपया आणि त्यावरील नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत, आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत, देणे फेडण्यासाठी वैध मानली जातात. म्हणजे तुम्ही कोणाला पाच हजारांचे देणे नुसत्या नाण्यांत देऊ लागलात, तर तो हजाराच्या वरची नाणी नाकारू शकतो. खातेदाराने स्वतःच्या खात्यात भरायच्या नाण्यांना मात्र ही मर्यादा लागत नाही. खात्यात किती नाणी भरावीत यावर बंधन नाही आणि बँकांनी कितीही नाणी स्वीकारावीत, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेले आहे. लहान किमतीच्या नोटा आणि नाणी कोणत्याही शाखेने नाकारू नयेत, अशाही सूचना आहेत. एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घ्यावीत, आणि शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या भरून आणल्यास रोखपाल व ग्राहक दोघांनाही सोयीचे होईल, हेही त्याच परिपत्रकात आहे.

तरीही शाखा टाळाटाळ का करते, हेही सांगायला हवे. मी खिडकीच्या त्या बाजूला बसलेला माणूस आहे. शाखेने तुमची नाणी घेतली की ती चेस्टकडे पाठवायची असतात. चेस्टची खोली आधीच भरलेली असेल तर चेस्ट ती घेत नाही. चेस्टने ती रिझर्व्ह बँकेकडे परत करावीत म्हटले, तर त्या वाटेवर गाडी क्वचितच फिरते. आमच्याकडे नाणी खाली येण्याचा मार्ग पक्का बांधलेला होता, वर जाण्याचा मार्ग नावालाच होता. वसुधाताईंच्या टर्मिनलमध्ये एका बँकेची जास्तीची नाणी त्याच इमारतीत दुसऱ्या बँकेला मिळतात. आमच्या चेस्टमध्ये पाच रुपयांच्या थैल्या छतापर्यंत पोहोचलेल्या असताना तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या बँकेचे ग्राहक चिल्लरसाठी हिंडत होते, आणि त्या थैल्या सहजपणे तिकडे पाठवण्याची काही सोय नव्हती.

याची परिणती २०१८ च्या जानेवारीत सर्वांनी पाहिली. टांकसाळींची भांडारे भरून गेल्यामुळे चारही टांकसाळींत नाणी पाडणे काही दिवस थांबवावे लागले. त्याच सुमारास दहा रुपयांची नाणी खोटी असल्याच्या अफवेमुळे दुकानदार ती नाकारत होते. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहा रुपयांच्या नाण्याच्या तोपर्यंत निघालेल्या चौदाही प्रकारच्या रचना वैध आहेत.

देवस्थान_हिशेबनीस

मी एका देवस्थानाच्या हिशेब विभागात आहे. दानपेटी उघडल्यावर नाणी निवडण्याचे काम आमच्याकडे सेवेकरी करतात आणि बँकेचे कर्मचारी समोर बसतात. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाची नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नाही, ही बातमी काही वर्षांपूर्वी सर्वत्र आली होती. आमचे देवस्थान त्या मानाने अगदी लहान आहे, पण अडचण तीच आहे.

आम्ही एक उपाय केला. गावातील दुकानदार, दूध संस्था आणि एसटी थांब्यावरील चहावाले यांची यादी केली. नाणी निवडून झाली की, बँकेच्या माणसासमोर मोजून, शंभर-शंभरच्या पिशव्या त्यांना नोटांच्या किंवा खात्यात वळवलेल्या रकमेच्या बदल्यात देतो. कोणतेही कमिशन आम्ही देत नाही आणि घेतही नाही. गेल्या वर्षभरात बँकेच्या तिजोरीत जाणाऱ्या आमच्या थैल्या निम्म्याहून कमी झाल्या. भाविकाने वाहिलेला रुपया आठवड्याभरात गावातल्या गावात फिरतो, याचे आम्हाला समाधान वाटते.

निवृत्त_चेस्ट_अधिकारी

उत्तम केलेत. बँकांनीही असे मोठे ग्राहक शोधून त्यांना नाणी पुरवावीत, असे रिझर्व्ह बँकेचेच धोरण आहे. नाणी वाटल्याबद्दल बँकांना पूर्वी थैलीमागे २५ रुपये मिळत. १ सप्टेंबर २०२१ पासून ते ६५ रुपये झाले, आणि ग्रामीण व निमशहरी भागात वाटप केल्याचे प्रमाणपत्र दिल्यास आणखी १० रुपये मिळतात. एका वेळी एका थैलीहून अधिक नाणी लागणाऱ्या व्यावसायिकांनाही बँका ती देऊ शकतात, शक्य तेथे घरपोच देऊ शकतात. पण हे पैसे वाटपासाठी आहेत. नाणी स्वीकारणे, निवडणे आणि परत फिरवणे यांवर होणारा खर्च शाखेच्याच माथी राहतो. माझ्या मते मोबदला या दुसऱ्या टोकालाही हवा. वसुधाताईंकडे रोल बांधण्याचे पैसे कोणीतरी कोणाला तरी देते, म्हणूनच ते काम होते. आपल्याकडे ते काम सतरंजीवर बसलेल्या रोखपालाने आपले नेहमीचे काम सांभाळून करायचे असते.

नवी_मुंबईकर

मोबाइलवरून क्यूआर कोड वाचून नाणी देणाऱ्या यंत्रांविषयी कोणी लिहिले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने १२ शहरांत १९ ठिकाणी ती प्रायोगिक तत्त्वावर बसवण्याचे जाहीर केले होते. पूर्वीच्या यंत्रांत नोट घालावी लागत असे, त्यामुळे खोट्या नोटेची भीती होती. या यंत्रात रक्कम यूपीआयने खात्यातून जाते आणि हवी ती नाणी हव्या त्या संख्येने घेता येतात. याने काही फरक पडेल असे वाटते का?

निवृत्त_चेस्ट_अधिकारी

स्थानकावर आणि बाजारात अशी यंत्रे असणे चांगलेच आहे. पण ती नाणी देतात, घेत नाहीत. मंडईतल्या दुकानदाराची अठरा हजारांची पिशवी रिकामी करणारे यंत्र त्याच्या शेजारी बसवले, तर पहिल्या यंत्रात भरायला नाणी तेथूनच मिळतील.

वसुधा_एडिसन

इकडे मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत तशी यंत्रे असतात. बरणीतील चिल्लर त्यात ओतली की यंत्र ती मोजते, शुल्क कापते आणि पावती देते. ती पावती दाखवून दुकानात पैसे घ्यायचे. त्या यंत्रांतील नाणी चिलखती गाडीने टर्मिनलला जातात आणि रोल होऊन आमच्याकडे येतात. शुल्क बरेच असते, म्हणून मी ग्राहकांना नाणी आमच्याकडेच आणायला सांगते. पण २०२० मध्ये ही यंत्रे थांबली तेव्हा पुरवठ्यात त्यांचा वाटा किती मोठा होता, ते कळले.

मंडईतला_वाणी

सर्वांचे आभार. काकांनी लिहिल्याप्रमाणे दोन रात्री बसून मुलाने आणि मी चिल्लर निवडली. जुने मोठे एक रुपयाचे, मधल्या मालिकेचे आणि नवे लहान, असे तीन ढीग वेगळे केले; दोन रुपयांचेही तसेच. शंभर-शंभरच्या पिशव्या केल्या आणि प्रत्येकीवर किंमत व मालिका लिहिली. काल त्या घेऊन शाखेत गेलो. खात्यातील भरण्याला मर्यादा नाही, हे परिपत्रकाची प्रत समोर ठेवून शांतपणे सांगितले. व्यवस्थापक नवीन आल्या आहेत. त्यांनी रोखपालाला बोलावले. त्याने प्रत्येक प्रकारची एक पिशवी मोजली, उरलेल्या त्याच प्रकारच्या पिशव्यांचे वजन तिच्याशी ताडून पाहिले आणि पाऊण तासात सगळी रक्कम जमा करून घेतली. जुन्या एक रुपयाच्या एका पिशवीत दोन रुपयांची तीन नाणी निघाली, त्याने ती बाजूला काढून माझ्या हातात ठेवली. वजनावरून ती कळली नव्हती. ती पिशवी त्याने मोजली होती, म्हणून सापडली.

निघताना व्यवस्थापकांनी देवस्थानासारखी दुकानदारांची यादी बाजारपेठेत करता येईल का, असे विचारले. येत्या बुधवारी व्यापारी संघाच्या बैठकीत हा विषय घेतो आहे. यादीचा नमुना देवस्थानाच्या हिशेबनीसांनी कृपया येथे द्यावा.

देवस्थान_हिशेबनीस

देतो. चार रकाने आहेत: दुकानाचे नाव, आठवड्याला कोणत्या किमतीच्या किती पिशव्या लागतात, कोणत्या किमतीच्या साठतात, आणि कोणत्या वारी नेणे-आणणे सोयीचे आहे. तिसरा रकाना आम्ही सुरुवातीला ठेवला नव्हता. तो नंतर घातला, तेव्हा असे दिसले की चहावाल्याकडे साठणारी पाचची नाणी दूध संस्थेला रोज लागतात, आणि त्यांना आमच्या दानपेटीची वाट पाहण्याची गरजच नाही. आता ते दोघे परस्पर देवघेव करतात.